कृष्णेकाठी पहिल्यांदा गळ टाकताना: आमिष कोणतं लावायचं?

गळाने मासे धरायला शिकायचं ठरलं की लोक आधी दुकानात जातात. काठी घेतात, रीळ घेतात, चकचकीत पाकिटातलं तयार पीठ घेतात. माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी यातलं काहीही घेऊ नका. सकाळी लवकर मासळी बाजारात जा आणि रोहू, कटला, मृगळ, सिप्रनस (कॉमन कार्प) या चौघांची तोंडं नीट बघून या. अर्धा किलो घेतलात तर पाटीवरच्या मावशी प्रश्नांना उत्तरंही देतात.

आमिष म्हणजे माशाच्या तोंडाचं माप. ते माप न घेता पीठ मळणं म्हणजे गिऱ्हाईक न बघता कपडा शिवणं.

तोंड बघायचं म्हणजे काय बघायचं

कटल्याचं डोकं मोठं, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. मिशी नाही. हा गडी पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव कल्ल्यांतल्या चाळणीने गाळून खातो. तळाला ठेवलेला गोळा त्याच्या वाटेत सहसा येतच नाही.

रोहूचं तोंड जरासं खाली झुकलेलं, ओठ जाड आणि कडेला झालर लावल्यासारखे. शेवाळ, कुजणारा पाला, दगडावरचा बुरा खरवडून खाणारा हा मासा. मधल्या थरात असतो, खायला खाली उतरतो. मृगळाचे ओठ पातळ, तोंड रुंद, सगळा कारभार तळाला. सिप्रनसला मिशांच्या दोन जोड्या, तोंड नळीसारखं पुढे निघतं. चिखलात ते खुपसून तो गाळ उकरतो, म्हणून तो खात असला की पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग येते.

मावशी मासा कापत असतील तर त्यांना घसा उघडून दाखवायला सांगा. या चौघांच्याही जबड्याला दात नाहीत, दात आहेत ते आत घशात. शिवाय यांना आपल्यासारखं पोट म्हणजे जठर नसतं, घशापासून सरळ आतडं सुरू होतं. त्यामुळे हे मासे दिवसभर थोडं थोडं चरतात. आमिष ते चावत नाहीत, पाण्याबरोबर आत ओढतात, तोंडात चाचपतात आणि काही टोचलं, कडक लागलं की थुंकून देतात. हे सगळं एका क्षणात होतं. मऊ आणि लहान आमिष का, गळाचं टोक कुठे ठेवायचं, हिसका कधी द्यायचा, या सगळ्याचं उत्तर त्या एका क्षणात आहे.

जाता जाता एक गोष्ट. यातला एकही मासा मूळचा कृष्णेचा नाही. रोहू, कटला, मृगळ गंगेच्या खोऱ्यातले. 10 जुलै 1957 रोजी कटकला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालून घेण्यात यश आलं, तेव्हापासून त्यांचं बी देशभर तळ्यांत, धरणांत सोडणं सोपं झालं आणि तिथून ते नद्यांत पसरले. आपले खरे गाववाले म्हणजे कोळस, खडशी, शिंगाळा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांना इथलीच नावं दिली. म्हणून शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव आजही ‘सीनघाला’ आणि खडशीचं ‘खुद्री’ आहे.

या लेखात मी खवल्याच्या पांढऱ्या माशांपुरतंच बोलणार आहे. मरळ, वाम, शिंगाळा यांची आमिषं वेगळी, वेळा वेगळ्या, आणि बऱ्याचदा रात्रीही वेगळ्या.

नदीवर पहिली चक्कर मोकळ्या हाताने

सांगली-कोल्हापूरकडच्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पाऊस ओसरला की त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात, पाणी तुंबतं. पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात. त्यामुळे एकाच नदीत दोन नद्या मिळतात: बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला संथ, खोल, गाळाचं पाणी आणि खालच्या अंगाला खळाळतं, उथळ, दगडगोट्यांचं. वर पिठाचा गोळा तासभर टिकला तरी चालतो, उलट थोडा सुटलेला बरा. खाली तोच गोळा दोन मिनिटांत वाहून जातो, तिथे चिवट पीठ नाहीतर गांडूळ. नवख्याने बंधाऱ्याच्या वरचं संथ पाणी निवडावं, पण भिंतीपासून दूर, काठाला धरून.

तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला, नुसतं शिसं बांधून दोन-चार ठिकाणी टाका आणि खोली बघा. शिसं वर काढलं की त्याला काय लागलंय ते पाहा: काळा गाळ, वाळू की शेवाळाचा तंतू. कुजका वास येणारा काळा गाळ असेल तर जागा बदला. तिथे आमिष रुतून बसतं आणि माशालाही तिथे फारसं आवडत नाही. गाळ आणि वाळू जिथे एकमेकांना भेटतात ती जागा उत्तम.

दोन धोके आधीच सांगतो. कोयनेतून पाणी सोडलं की खालच्या अंगाला पाणी बघता बघता चढतं, म्हणून पात्रातल्या खडकावर जाऊन बसू नका. आणि भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायची फिल्मी हौस तिथे नको. मासे धुवायला, हात धुवायला वाकतानाही आधी पाण्याकडे बघायचं. धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो, तिथे आधी विचारा. विचारलं की बहुतेक वेळा बसू देतात, आणि वर कुठे काय लागतंय तेही सांगतात.

पीठ: सगळा खेळ सुटण्याचा

नवख्यांचा प्रश्न ठरलेला: पिठात काय घालता? खरा प्रश्न असा पाहिजे: पाण्यात गेल्यावर पीठ किती वेळात सुटतं?

गव्हाच्या कणकेत चिवटपणा असतो, ती धरून ठेवते. शाळूचं पीठ, भाजलेलं बेसन, शेंगपेंड यांना चिवटपणा नाही, ती सुटतात आणि वास पसरवतात. नुसत्या कणकेचा गोळा पाण्यात रबरासारखा राहतो, वास बाहेर सोडत नाही. नुसत्या पेंडीचा गोळा पाण्याला लागताच विरतो. या दोघांत तुमच्या पाण्याला साजेसा तोल काढायचा, बस.

माझं संथ पाण्यातलं माप असं: 2 वाट्या कणीक, 1 वाटी शेंगपेंड, अर्धी वाटी बेसन. पेंड आदल्या रात्री खलबत्त्यात कुटून चाळून घ्या. खडे राहिले तर गोळा त्याच जागी फुटतो. बेसन कोरडंच मंद आचेवर लाडवाला भाजतो तसं, खमंग वास येईपर्यंत. तिन्ही एकत्र करून चिमूटभर मीठ आणि सुपारीएवढा गूळ विरघळवलेलं पाणी थोडं थोडं घालत मळा. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, भाकरीच्या पिठापेक्षा मऊ. मग ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवा. ही अर्ध्या तासाची विश्रांती बरेच जण टाळतात आणि मग गोळा गळावरून निसटतो म्हणून नदीला शिव्या देतात.

आता परीक्षा. घरीच एका पातेल्यात पाणी घ्या, वाटाण्याएवढा गोळा गळाला लावून दोऱ्याने आत सोडा आणि घड्याळ बघा. पाचव्या मिनिटाला गोळ्याभोवती धुक्यासारखी पांढुरकी कड दिसायला हवी. दहाव्या मिनिटाला भुगा तळाशी पडू लागावा, पण गळ उघडा पडता कामा नये. पंधरा ते वीस मिनिटांत गोळा निम्मा झाला की पीठ जमलं. पाच मिनिटांतच गळ उघडा पडला तर मूठभर कणीक वाढवा. वीस मिनिटांनीही गोळा जसाच्या तसा चकचकीत दिसला तर पेंड वाढवा. ही परीक्षा दोन-तीनदा केलीत की पुढे बोटालाच कळतं.

वासाचं म्हणाल तर प्रत्येकाचं एक गुपित असतं. हिंग, बडीशेप, मेथी, मध, व्हॅनिला, कुणी काय तर कुणी काय. सुरुवातीला मी एकदा हे सगळं एकाच पिठात घातलं होतं, वर देवघरातल्या अत्तराचे दोन थेंब. एसटीत शेजारचा माणूस उठून मागे गेला. नदीवर माशांनी तेच केलं. एका दिवशी एकच वास, तोही चिमूटभर. माझी पसंती थंडीत हिंगाला, उन्हाळ्यात नुसत्या पेंडीला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या हाताचा वास. तंबाखू, पेट्रोल, साबण, मच्छर पळवायची मलई, यातलं काही हाताला असेल तर पिठाला हात लावण्याआधी नदीचाच ओला गाळ घेऊन हात चोळून धुवा. सिप्रनसच्या मिशांना चव कळते. त्या काही नुसत्या शोभेला नाहीत.

कटल्यासाठी मात्र हे पीठ विसरा. त्याला तरंगता भुगा लागतो. तांदळाचा कोंडा तव्यावर खरपूस भाजा, त्यात थोडं सातूचं पीठ मिसळा, गोळा होईल इतपतच कणीक घाला. बूच, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता खुणेचा तुकडा, अशा बेताने बांधा की गळ पृष्ठभागाखाली 2 ते 4 फुटांवर राहील. गोळा सैल, लगेच सुटणारा. कटला त्या भुग्याच्या ढगातून तोंड उघडं ठेवून फिरतो आणि गळ त्या ढगातच असतो. दर पाच-सात मिनिटांनी आमिष बदलावं लागतं. हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून पहिल्या महिन्यात कटल्याच्या मागे लागू नका असंच मी सांगेन.

पिठाशिवाय

गांडूळ हे दुसरं आमिष, आणि माझ्या मते नवख्याचं खरं पहिलं. मळायला नको, सुटायला नको. केळीच्या बुडाशी, शेणाच्या उकिरड्याच्या कडेला, मोरीचं पाणी मुरतं तिथे उकरा. पत्र्याच्या डब्यात त्याच जागची ओली माती घालून सावलीत ठेवा आणि झाकणाला भोकं पाडा. उन्हात डबा राहिला तर तासाभरात सगळी मरतात, आणि मेलेलं गांडूळ मासा क्वचितच घेतो. गांडूळखताच्या टाकीतली लाल गांडुळं सहज मिळतात, पण दुखावली की ती पिवळसर, वास मारणारा द्रव सोडतात. चालतात, तरी पर्याय असेल तर मातीतली बरी.

गळ गांडुळात ओवताना सगळं गांडूळ मोज्यासारखं चढवू नका. मधून दोनदा टोचून शेपटीकडचा बोटाच्या पेराएवढा भाग मोकळा वळवळू द्या. मृगळ, सिप्रनस आणि चिलापी (तिलापिया) तिघेही त्यावर येतात. चिलापीचं सांगायचं तर ती मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि आता उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे आहे. तुम्ही कुणासाठीही आमिष लावलंत तरी आधी तीच येईल. तिचं तोंड लहान. सतत टिकटिक होते, आमिष संपतं आणि मासा लागत नाही, असं झालं की समजा चिलापीच आहे. गळ लहान करा आणि तिलाच धरा. तळून झकास लागते, उगाच नाक मुरडू नका.

मका हे सिप्रनसचं खास आमिष. सुका मका रात्रभर भिजवा आणि नख सहज रुतेल इतका शिजवा. कच्चा, अर्धा कच्चा मका ना गळावर नीट बसतो ना माशाला सोसतो. दोन दाणे गळावर, चार दाणे आसपास. चिलापी मक्याला फारसा त्रास देत नाही, हा त्याचा मोठा गुण.

ब्रेड आणि भात कामचलाऊ. ब्रेडची कडा काढून पांढरा भाग किंचित ओला करून दाबला तर चांगला गोळा होतो, पण संथ पाण्यातच. उंबराखालचा डोह सापडला तर पिकलेलं उंबर लावून बघायचा मोह होईल, कारण खडशी पाण्यात पडणारी उंबरं टिपते. लागली तर मात्र ओल्या हाताने सोडून द्या, ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. आणि देहूला इंद्रायणीच्या डोहात किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या पाण्यात गळ टाकायचाच नाही. तिथले मासे गावाने राखलेत.

गळावर चढवणं आणि टाकणं

पिठासाठी 8 किंवा 10 नंबरचा गळ घ्या. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात यावरून हमखास गोंधळ होतो. तंगूस 0.25 ते 0.30 मिलिमीटर पुरे. पिठाचा गोळा थेंबाच्या आकाराचा करा, गळाचा वाक पूर्ण झाकू द्या, टोक मात्र पिठाच्या अगदी पातळ थराखाली. टोक उघडं राहिलं तर मासा थुंकतो, खोल गेलं तर हिसक्याला रुतत नाही.

पेंडीचा लिंबाएवढा लाडू करून त्याभोवती चार-पाच गळ लावायची पद्धत तुम्हाला काठावर दिसेल. मासे त्याने लागतात, यात वाद नाही. पण बऱ्याचदा गळ तोंडाऐवजी पोटात, डोळ्यात रुततात, लहान मासे विनाकारण मरतात. मला ती आवडत नाही. शिकताना तरी एकच गळ.

गळ टाकण्याआधी अर्धा तास चारा टाका. उरलेली पेंड, भाजलेला कोंडा आणि थोडी ओली माती यांचे लिंबाएवढे चार-पाच गोळे, सगळे एकाच जागी. माती कशाला, तर गोळा तळाशी जाऊन बसावा म्हणून. इथे हात आखडता घ्या. जठर नसलेला मासा थोड्या थोड्या खाण्यावर जगतो, त्याला तुम्ही जेवणावळ वाढलीत तर तुमचा गळ कशाला बघेल?

बूच काय सांगतं

बूच बारीक थरथरतं आणि थांबतं: लहान मासे किंवा चिलापी. सरळ, सावकाश आत जातं: बहुतेक रोहू. एकदम आडवं होऊन पाण्यावर लोळतं, जणू खालचं शिसं कुणी उचललं: तळाला खाणारा मृगळ किंवा सिप्रनस आमिष तोंडात घेऊन वर उठलाय. नवखे हे शेवटचं ओळखत नाहीत, बूच आत जायची वाट बघत बसतात. ते आडवं झालं की मनगटाने छोटा हिसका द्या, खांद्याने नाही.

तासभर काहीच झालं नाही तर आधी खोली बदला, मग गोळ्याचा आकार, मग आमिष, आणि सगळ्यात शेवटी जागा. लोक नेमकं उलट करतात. दर दहा मिनिटांनी उठून दुसरीकडे जातात आणि चारा टाकलेली जागा दुसऱ्याला देतात.

कोणत्या दिवसांत काय

जून ते ऑगस्ट गढूळ पाणी. तेव्हा दिसत काही नाही, वासावर आणि हालचालीवर चालतं, म्हणून गांडूळ. पण याच दिवसांत हे मासे अंड्यांवर असतात, चढणीला लागतात. पोट फुगलेली मादी लागली तर सोडा. सप्टेंबर-ऑक्टोबरला पाणी निवळलं की पिठाचे खरे दिवस. डिसेंबर-जानेवारीत रोहू-कटला मंदावतात, गोळा हरभऱ्याएवढा करा आणि उन्हं चढल्यावर बसा. सिप्रनस तेव्हाही खातो. उन्हाळ्यात पहाटे आणि दिवेलागणीला, दुपारी घरी झोपा.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडबंद करताना दिसले तर ते खात नाहीयेत, पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे श्वास घ्यायला धडपडताहेत. पाण्यावर फेस असेल, मळीसारखा वास असेल तर गळ गुंडाळा आणि ते मासे ताटातही घेऊ नका. आणि जिलेटीन, ब्लीचिंग पावडर घेऊन येणारे भेटलेच तर त्यांना सांगा, स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं 1897 पासून गुन्हा आहे.

उरलेलं पीठ काठावर टाकू नका, कुत्री येतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे बसवत नाही. मीठ घातलेलं असेल तर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. फक्त घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडे एकदा त्याच्या पोळ्या लाटल्या गेल्या होत्या, आणि दुसरी पोळी संपेपर्यंत कुणाला शंका आली नव्हती.